मथुरा इंगोले, पडद्यावरचे नाव शुभा परचुरे

मी मथुरा केशव इंगोले, वय वर्षे एकोणऐंशी, जन्म कारंजा लाड (तेव्हाचा अकोला जिल्हा, आता वाशीम म्हणतात), शिक्षण चौथी पास, धंदा नटी, हल्ली राहणार कॅरी, नॉर्थ कॅरोलायना, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके जागेवर आहे, गुडघे नाहीत. कोणी माझा हात धरलेला नाही आणि कोणी दरडावलेले नाही. दरडावले असते तर मीच त्याला चार शब्द ऐकवले असते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले आहे म्हणून कोणी कागद दाखवला तर तो खोटा समजावा.

येत्या मंगळवारी, अठरा तारखेला, माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, शंभरातली सत्त्याण्णव माणसे उठून घरी जातात. मी तेव्हापासून बाकीच्या तिघांचा विचार करते आहे. पडद्यावर मी अकरा वेळा मेले. एकदाही छातीत धडधडले नाही, कारण समोर ‘कट’ म्हणणारा माणूस खुर्ची टाकून बसलेला असायचा.

माझी वकील रीमा. लहानपणी ती मॉरिसव्हिलच्या रविवारच्या मराठी शाळेत होती. तिला शिकवायला माझा मुलगा संजीव होता, म्हणून तिला मराठी सगळे समजते पण बोलताना क्रियापद सापडत नाही. ती म्हणाली, “आजी, हाताने लिहिलेलं इथे चालतं. फक्त विटनेस दोन. आणि ज्यांना काही देताय, ते नको.”

“बरं.”

“आणि तुमची दुसरी काही नावं? स्क्रीन नेम वगैरे? ते पण लिहा. नाहीतर जुन्या कामाचे चेक येतात ना, त्याला प्रॉब्लेम.”

“एक आहे.”

“कसं पडलं ते नाव?”

“पडलं,” म्हटले. ती हसली. मला त्या दिवसापासून घास उतरत नाही.

तर लिहिते. माझे दुसरे नाव शुभा परचुरे. एकोणीस वर्षे प्रत्येक मालिकेच्या आणि सिनेमाच्या शेवटी माझ्या कामापुढे हेच नाव येते. हे नाव माझे नाही. ते शुभा परचुरे या बाईंचे आहे. त्या जिवंत आहेत, वय एक्क्याऐंशी, मूळच्या पुण्याच्या, हल्ली मुक्काम फ्रिस्को, टेक्सास, मुलीकडे. मंगळवारी मी टेबलावरून उठले नाही तर बुधवारी इंटरनेटवर लागेल, शुभा परचुरे वारल्या. खाली लोक हात जोडतील, मेणबत्त्या लावतील. आणि शुभाताई फ्रिस्कोत चहा पिता पिता स्वतःच्या मरणाची बातमी वाचतील, वर माझा फोटो. ही भीती झडपेच्या भीतीपेक्षा मोठी आहे. म्हणून या कागदात वाटणी थोडी आणि कबुली जास्त आहे. आधी वाटणी उरकते, म्हणजे मध्येच काही झाले तर घरच्यांची अडचण नको.

१) कॅरीतले माझे एका खोलीचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. गुडघेदुखीच्या औषधाच्या जाहिरातीवर घेतलेले. त्यात मी जिना चढते आणि नातवाला उचलते. खरे तर जिन्याच्या तीनच पायऱ्या होत्या आणि पोराला मागून एक माणूस धरून होता. हे घर माझ्या पश्चात माझी सून प्रीता हिने घ्यावे. संजीवने नाही. प्रीताला माझी माया आहे असे नाही, मलाही तिची नाही. पण अकरा वर्षे ती मला अटलांटाला शूटिंगसाठी घेऊन गेली, जायचे सहा तास आणि यायचे सहा तास. सगळ्या वाटेने बोलली, “आई, सीट बेल्ट. आई, खिडकी बंद. आई, मी माझी मीटिंग कॅन्सल केली तुमच्यासाठी, लक्षात ठेवा.” मी लक्षात ठेवले आहे. हे त्याचे उत्तर.

२) बँकेतले जे असेल ते संजीवने घ्यावे आणि त्यातून धाकटा नातू आर्य याच्या शिक्षणाचे पाहावे. संजीवने एकदा ऑफिसच्या लोकांसमोर “माय मदर डझ सम एक्स्ट्रा वर्क” असे म्हटले होते. एक्स्ट्रा म्हणजे गर्दीत मागे उभा राहणारा. मला वाक्ये असतात, संजीव. कधी दोन, कधी नऊ. हे एवढे सोडले तर तुझ्याबद्दल तक्रार नाही.

३) माझ्या त्रेचाळीस वह्या नात इला हिच्या. मला इंग्रजी वाचता येत नाही. इला आठ वर्षांची होती तेव्हापासून ती माझी वाक्ये मराठी अक्षरांत लिहून द्यायची. संजीवने रविवारच्या शाळेत जेवढी अक्षरे शिकवली तेवढ्यांत. ‘ळ’ तिला आजही काढता येत नाही. ती टीव्हीसमोर पालथी पडून लिहायची आणि मला म्हणायची, “आजी, यू आर सेइंग इट लाइक यू आर अँग्री.” मी म्हणायची, रागातच आहे ती म्हातारी, तुला काय माहीत. वह्यांत प्रत्येक वाक्याखाली मी माझी खूण केली आहे, कुठे श्वास घ्यायचा आणि कुठे नुसते बघायचे. बघण्याच्या खुणा जास्त आहेत. माझे काम म्हणजे तेच. दुसरा माणूस बोलत असताना त्याच्या तोंडाकडे सगळे बघतात, मी हातांकडे बघायची. एका डायरेक्टरने विचारले, हे कुठे शिकलात? मी म्हटले, सासरी.

४) सेटवर न्यायची पिशवी, तिच्यातला थर्मास, सेफ्टीपिनांचा डबा आणि चार चष्मे: ज्याला हवे त्याने घ्यावे. चार चष्मे का? त्यांतला एक भारतीय म्हातारीचा, एक मेक्सिकन म्हातारीचा, एक इराणी, आणि चौथा मी खरी वापरते तो. तोंड तेच, चष्मा आणि पदर बदलला की देश बदलतो, असा माझा धंदा.

५) मराठी मंडळाचे शशिकांतकाका यांना काही नाही. सात वर्षे गणपतीच्या नाटकात त्यांनी मला पडद्याची दोरी ओढायला ठेवले, कारण “मथुराबाईंची भाषा जरा गावाकडची आहे.” पुढे मी टीव्हीवर दिसल्यावर प्रमुख पाहुणी म्हणून बोलावले, आणि माझी ओळख करून द्यायला स्वतःच वीस मिनिटे बोलले. त्यांनी या कागदावर हरकत घेऊ नये.

६) मला मशीनवर ठेवू नये. एका हॉस्पिटलच्या मालिकेत मी सहा एपिसोड मशीनवर होते. पाठ धरते. नंतरच्या कामासाठी पांढरी साडी नेसवू नये, प्रत्येक वेळी मेले तेव्हा त्यांनी पांढरीच नेसवली. माझी हिरव्या काठाची नागपुरी आहे, ती. दहन विजेवर करावे आणि लवकर उरकावे.

वाटणी संपली. आता कबुली.

७) शुभाताई आणि मी दोघी मॉरिसव्हिलला मुलांकडे राहत होतो. मी १९९९ साली इलाच्या जन्मासाठी आले आणि राहिले. नवरा पाच वर्षे आधीच गेला होता. शुभाताई शिकलेल्या, पुण्यात राज्य नाट्यस्पर्धेत बक्षीस घेतलेल्या. मी त्यांना ताई म्हणायची, तुम्ही म्हणायची. त्या मला मथुरा म्हणायच्या, तू म्हणायच्या. त्यांनी मला गाडीत पुढे बसायला शिकवले, लायब्ररीत नेले, दुकानात हिशेब समजावला. इथे आल्यावर माझ्याशी घरकाम सोडून दुसरे काही बोलणारे पहिले माणूस त्या.

२००६ साली विल्मिंग्टनला एका मालिकेसाठी भारतीय आजी हवी होती. शुभाताईंनी फोटो पाठवला, त्यांना बोलावणे आले. मी सोबत गेले. डबा आणि इस्त्रीच्या साड्या धरायला कोणीतरी हवे होते. तिथे एक लांब खोली, खुर्च्या, आणि आमच्यासारख्या सात-आठ म्हाताऱ्या. शुभाताई निऱ्या नीट करायला बाथरूममध्ये गेल्या. तेवढ्यात एक पोरगी कागद घेऊन आली आणि तिने नाव पुकारले, शुभा परचुरे.

मी सांगायला उठले की त्या आत आहेत. खरेच सांगायला उठले. पण इंग्रजी जमेना, आणि ती पोरगी माझ्याकडे बघून हसली, हातातल्या फोटोकडे बघितले, परत माझ्याकडे बघितले, आणि म्हणाली, कम. फोटोत शुभाताई होत्या. गोऱ्या, घारे डोळे. मी काळी, दात पुढे. तिला फरक कळला नाही. तिच्यासाठी साडी म्हणजे झाले.

मी गेले. दोष तिचा तिथपर्यंत. पुढचा माझा.

आत एक पोरगा दिला आणि सांगितले, हा औषध घेत नाही, याला रागवा, तुमच्या भाषेत रागवा. मी रागावले. आर्य तेव्हा दोन वर्षांचा होता, औषध थुंकायचा, त्याला जे म्हणायची तेच म्हटले. “काहून रे, बापाचं घर समजलास काय? गिळ! गिळ म्हणते ना!” पोराने घाबरून खरेच गिळले. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. मला तोपर्यंत कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. साठ वर्षे.

बाहेर आले तर शुभाताई खुर्चीवर बसून वाट बघत होत्या. “कुठे होतीस गं? माझं नाव पुकारलं का?”

मी म्हटले, “मलाच आत नेलं, ताई. तुमचा नंबर गेला म्हणतात.”

त्या उठून दाराशी जाऊन आल्या. दार बंद झाले होते. येताना गाडीत त्या म्हणाल्या, “जाऊ दे. तुला तरी मिळालं. मी तुला शिकवीन.” आणि शिकवलेही. कॅमेऱ्यापुढे डोळे कसे ठेवायचे, मान कुठे वळवायची, सगळे त्यांचे.

८) कामाच्या दिवशी टॅक्सच्या कागदावर माझे खरे नाव घातले, ते बरोबर आहे. दुसऱ्या कागदावर आधीच शुभा परचुरे छापलेले होते. पोरीने बोट ठेवून विचारले, हे पडद्यावरचे नाव का? मी मान हलवली. पुढे तिसऱ्या कामाला नटांच्या युनियनचे सभासद व्हावे लागले. तिथेही तेच विचारले, मी तीच मान हलवली. शुभाताईंनी पडद्यावर स्वतःचे नाव पाहून विचारले तेव्हा मी म्हटले, कागद करणाऱ्यांचीच चूक झाली. भीती अशी होती की नाव बदलायला गेले तर कोणीतरी जुना फोटो काढील आणि म्हणेल, अहो, ही ती नव्हेच. मग परत बाटल्या धुणे आणि डायपर. आजही फोन वाजला की पहिल्यांदा मला तेच वाटते, कळले त्यांना.

मेकअपवालीने त्या पहिल्या दिवशी माझ्या कपाळावर लाल टिकली ओढली. मला बारा वर्षे कपाळ रिकामे ठेवायची सवय होती. डायरेक्टर म्हणाला होता, आणखी भारतीय दिसू द्या. काम संपल्यावर मी ती पुसली नाही. तशीच गाडीत बसले. प्रीताने पाहिले आणि गाडी चालवत राहिली. हे मी कोणाला सांगितलेले नाही. इथे का लिहिले तेही माहीत नाही.

९) हे कलम मुख्य. २००९ साली शुभाताईंना त्यांच्या स्वतःच्या बळावर एक सिनेमा मिळाला. छोटे काम, पण सात वाक्ये, आणि मध्ये एक रडायचा प्रसंग. त्या युनियनकडे गेल्या. युनियनचा नियम असा की एका नावाचे दोन नट चालत नाहीत. जो आधी आला त्याचे नाव. बाईने यादी बघून सांगितले, या नावाच्या एक आहेत, तुम्ही दुसरे नाव घ्या.

शुभाताई माझ्या स्वयंपाकघरात आल्या. मी भाकरी थापत होते. त्या उभ्याच राहिल्या.

“मथुरा, माझं नाव घ्यायला मलाच नाही म्हणतात.”

मी तव्याकडे बघत राहिले.

“तू तुझं बदलून घे. बदलायचा फॉर्म असतो म्हणे. तुला काय, तू मथुरा इंगोले. घाल की तेच.”

मी म्हटले, “मी विचारलं होतं, ताई. होत नाही म्हणतात. एकदा लागलं की लागलं.”

मी विचारले नव्हते. कधीच नाही. फॉर्म आहे हेही मला त्यांच्या तोंडून कळले.

“मग मी काय करू?”

“दुसरं काहीतरी घ्या. शुभांगी घ्या, शुभदा घ्या.”

त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं मी या नावानं स्टेजवर उभी राहिले. मी माझंच नाव सोडून उभी राहणार नाही.” आणि गेल्या. तो सिनेमा त्यांनी सोडला. त्यानंतर एकही केला नाही. पुढच्या वर्षी मुलीकडे फ्रिस्कोला गेल्या. जाताना भेटायला आल्या नाहीत.

सबब, माझ्या पश्चात शुभा परचुरे हे नाव शुभा परचुरे यांना परत द्यावे, असे मी या कलमात लिहिणार होते. रीमा म्हणते, आजी, नाव असं मृत्युपत्रात देता येत नाही, ती तुमची प्रॉपर्टी नाही. तेच तर मी सांगते आहे, म्हटले.

इथपर्यंत बुधवार, बारा नोव्हेंबर.

१०) गुरुवारी मी फ्रिस्कोला फोन केला. पंधरा वर्षांनी. काय झाले ते लिहिते, म्हणजे मी गेल्यावर कोणी सोयीचे सांगू नये.

“कोण?”

“मथुरा.”

“कुठली?”

“मॉरिसव्हिलची. इंगोल्यांची.”

“मरायला टेकलीस की काय?”

“मंगळवारी ऑपरेशन आहे. हृदयाचं.”

“मग डॉक्टरला फोन कर. मला कशाला?”

मी सगळे सांगितले. बाथरूमपासून भाकरीपर्यंत, आणि मृत्युपत्रात नाव परत द्यायला निघाले होते तेही. एकदाही थांबले नाही, थांबले असते तर जमले नसते. पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केला.

“म्हणजे माझं नाव पुकारलं होतं.”

“हो.”

“मी तिथेच होते. दारापलीकडे. पिना लावत.”

“हो, ताई.”

“आणि फॉर्म होता.”

“होता.”

“किती वेळ लागतो तो भरायला?”

मी आदल्या दिवशी इलाला विचारले होते. खोटे सांगवेना. “पंधरा मिनिटं.”

“पंधरा मिनिटं,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी डाळ दोनदा शिजवली आणि दोनदा गॅसवर विसरले. प्रीता म्हणाली, “आई, ऑपरेशनची एवढी धास्ती नका घेऊ, लोक तिसऱ्या दिवशी वॉक करतात.” तिला वाटले झडप. मी म्हटले हो गं. छातीला बोट लावून नाडी मोजायची आणि मध्येच विसरायचे की मोजते आहे कशाला. शुभाताईंची मुलगी फोन करून शिव्या देईल, असे वाटले. ती वकील लावेल, असे वाटले. मग वाटले, काहीच करणार नाहीत त्या, आणि तेच सर्वांत वाईट.

११) रविवारी दुपारी फोन आला. बोलणे त्यांनीच सुरू केले.

“भरलास का फॉर्म?”

“उद्या. सोमवारी ऑफिस उघडतं.”

“म्हणजे मी बोलले नसते तर मेल्यावर भरणार होतीस. मृत्युपत्रात लिहिलंस ना? मेलेलीचा हात धरून सही कोण करणार, तुझी सून?”

“ताई, मला माफ—”

“ते म्हणू नकोस. माफी तुला जमत नाही. त्या मोटेलच्या सिनेमात लेकीची माफी मागतेस ना, पायरीवर बसून? अगदी कच्ची आहेस तिथे. हात कशाला जोडलेस? हात जोडले की माफी संपते. हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, असे ठेवायला हवे होते.”

मी म्हटले, “तुम्ही पाहिला तो?”

“सगळं पाहिलंय. एकूण एक. मुलगी म्हणते, आई, उठ ना आता, संपलं. मी शेवटची सगळी नावं जाईपर्यंत बसते. माझं येतं ना त्यात.”

यावर मला काही बोलता आले नाही. मी चाळीसेक सिनेमा-मालिकांत काम केले, मला बोलता न आल्याचे नाटक हजारदा केले. हे तसे नव्हते.

मग त्या म्हणाल्या, “काम मात्र बरं करतेस. औषध गिळायला लावतेस ते फार बरं. मी असते तर वाईट केलं असतं, मी पुस्तकातलं बोलले असते. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. मला बरं वाटलेलं नाही आणि वाटणारही नाही. पण ते खरं आहे.”

“नाव तुमचं मोकळं होईल, ताई. तुम्ही करा आता काम. आज्याच हव्या असतात त्यांना.”

“या वयात? निम्मे दात गेले माझे.”

“दात नसले तर जास्त देतात.”

त्या हसल्या. हसल्या असे मी शपथेवर लिहीत नाही, नाकातून काहीतरी आवाज आला. मग म्हणाल्या, “मृत्युपत्रातलं नाव मला नको. मेल्यावर दिलं की ते दान होतं. जिवंतपणी टाक. आणि मेलीस तर तुझ्या नावानं मर. माझ्या नावानं मी मरेन.” फोन ठेवला.

सबब, कलम नऊच्या शेवटी जे देणे लिहिले आहे ते रद्द समजावे. शुभाताईंना माझ्याकडून काहीही मिळत नाही. त्यांनी घेतले नाही.

१२) आज सोमवार. सकाळी नऊ वाजता इला लॅपटॉप घेऊन आली. ती आता सव्वीस वर्षांची आहे, सुटी टाकून आली. तिला मी सगळे सांगितले. “आजी, दॅट्स रिअली बॅड,” म्हणाली. मी म्हटले, हो. तिने समजूत घातली नाही याचे बरे वाटले.

फॉर्मवर दोन ओळी होत्या. सोडायचे नाव, घ्यायचे नाव. युनियनच्या बाईला फोन लावून इलाने विचारले, हे घ्यायचे नाव आधी कोणी घेतलेले तर नाही? ती बाई यादी बघायला लागली. आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. छातीत पुन्हा तेच, धड, धड, मध्येच एक ठोका चुकवून. मनात आले, असेल कोणी, असायलाच हवे, एवढ्या मोठ्या देशात असेल एखादी मथुरा इंगोले, आणि मग मी दोन्हीकडून गेले.

ती बाई म्हणाली, नाही. या नावाचे इथे कोणीही नाही. कधीच नव्हते.

इलाने ‘पाठवा’चे बटण दाबले. बारा मिनिटे लागली, पंधराही नाही.

मग त्या बाईने सांगितले की अर्ज मिळाला, पण यादीत नाव बदलायला सात दिवस लागतात. ऑपरेशन उद्या आहे. मी इलाला म्हटले, विचार, लवकर नाही का होणार? ती म्हणाली, शी सेज नो, आजी. सेव्हन बिझनेस डेज. म्हणजे सातच नव्हेत, मध्ये शनिवार-रविवार. सव्वीस तारीख.

म्हणून हे शेवटचे कलम, आणि ते बाकी सर्व कलमांच्या वर समजावे. उद्या मी टेबलावरच राहिले तर सव्वीस तारखेपर्यंत माझ्या मरणाची बातमी घराबाहेर जाऊ देऊ नये. माझ्या एजंटला सांगू नये. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नये. शशिकांतकाकांना तर मुळीच कळू देऊ नये, ते शोकसभा घेतील. जाळायचे ते गुपचूप जाळावे. कोणी विचारले तर म्हणावे, आई शूटिंगला गेली आहे, अटलांटाला. प्रीताला असे खोटे जमेल, संजीवला नाही, म्हणून फोन प्रीताने घ्यावेत. फक्त शुभाताईंना त्याच दिवशी, संजीवने, स्वतः फोन करून सांगावे. मराठीत सांगावे. त्यांचे नाव घेताना ‘ताई’ लावावे.

आणि मी उठले तर हा कागद कोणी वाचू नये. मीच फाडीन. नंतर लिहीन दुसरा, तोपर्यंत नावही बदललेले असेल, एवढे समजावून सांगावे लागणार नाही.

वर लिहिलेले सर्व मी दोनदा वाचले. खाडाखोड जिथे आहे तिथे माझी आहे. बाजूला मथु असे लिहिले आहे, पूर्ण नाव मावत नव्हते.

सही: मथुरा केशव इंगोले

आमच्या समोर, आज, त्यांनी स्वतः सही केली. काय लिहिले ते आम्ही वाचलेले नाही, त्यांनी हात ठेवला होता. या कागदाने आम्हा दोघांना काही मिळत नाही.

साक्षीदार १: अरुण बेडेकर, शेजारी, कॅरी (सही)
साक्षीदार २: निधी सावरकर, शेजारी, कॅरी (सही)

स्थळ: कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार, दुपारी साडेतीन. उपाशी राहायचे सांगितले आहे ते रात्रीपासून, म्हणून आता जेवते.